थांबलेली लेखणी : मंडणगड परिसरातील तीन आत्मलेखने

नाना फडणीस यांच्या आत्मवृत्ताचा उल्लेख मराठी गद्याच्या इतिहासात होतो, तेव्हा ते अपुरे आहे ही गोष्ट खेदाने नोंदवून पुढे जाण्याचा प्रघात आहे. बाळाजी जनार्दन भानू यांचा जन्म १७४२ चा, मृत्यू १८०० चा. कथन मात्र पानिपतच्या वर्षापाशी, १७६१ च्या आसपास, येऊन थांबते. बारभाईंचे राजकारण, पुरंदर आणि सालबाईचे तह, खर्ड्याची लढाई, सवाई माधवरावांचा मृत्यू यांपैकी कशालाच या संहितेत जागा मिळाली नाही. ती केव्हा लिहिली गेली याविषयी कोणताही पक्ष घेतला, तरी ती पुढे चालवण्यास लेखकापाशी पुष्कळ अवधी होता ही वस्तुस्थिती उरतेच. इतिहासकाराला याची हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. त्याचा साक्षीदार नेमक्या वेळी गप्प बसला. समीक्षेपुढचा प्रश्न निराळा आहे. ज्या माणसाने हयातभर लिहिले, लिहविले, लिहिलेले तपासले, त्याची लेखणी स्वतःविषयी लिहिताना येथेच का थांबावी?

नानांना लिहिणे जड जात होते, असे समजायला जागाच नाही. फडणिशी हा मुळात लेखणीचा व्यवसाय. १७५६ मध्ये वडील वारल्यावर ऐन कोवळ्या वयात ते या कामाला लागले. मेणवली दप्तर या नावाने ओळखला जाणारा कागदांचा संग्रह नुसता डोळ्यांपुढे आणला, तरी या लेखणीच्या वेगाची कल्पना येते. म्हणजे एकाच हाताची दोन लेखने आहेत. एक अखंड वाहते, दुसरे ऐन तारुण्याच्या कथेपाशी अडते. लेखन अडण्याचा विचार करताना आपण सामान्यतः ‘लेखक अडला’ असे म्हणतो. येथे लेखक अडलेला नाही. त्याचे एक विशिष्ट लेखन अडलेले आहे. हा भेद बारीक असला तरी पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे.

भानू घराणे मूळचे वेळासचे. बाणकोटच्या खाडीच्या मुखाजवळचे हे गाव आज रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात येते. समुद्री कासवांच्या विणीमुळे त्याचे नाव अलीकडे सर्वदूर झाले. त्याआधी ते नानांचे गाव म्हणूनच ओळखले जाई. याच तालुक्यात आंबडवे आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पूर्वजांचे गाव. आणि तालुक्याच्या दक्षिणेस, दापोलीच्या हद्दीत, पालगड : साने गुरुजींचे जन्मस्थान. या तिघांना एका पंक्तीत बसवण्याचा येथे हेतू नाही. काळ, जात, स्वभाव, भाषा यांपैकी काहीच त्यांच्यात समान नाही, आणि केवळ भूगोलाच्या बळावर साहित्यविचार करणे फारसे शहाणपणाचे नसते. तथापि एका डोंगराळ मुलखाशी नाते असलेल्या या तिघांनीही स्वतःविषयी लिहिले. एकाचे लेखन थांबले, दुसऱ्याचे चार-पाच दिवसांत ओसंडून वाहिले, तिसऱ्याने मोजकेच लिहून ते बाजूला ठेवले. तिघांच्याही हाती पुरेशी भाषा होती. त्यामुळे लेखणी कशाने अडते आणि कशाने मोकळी होते, हे पाहण्यास ही तीन उदाहरणे असाधारण सोयीची ठरतात.

या अडण्याला रूढ मराठी शब्द नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. इंग्रजीतील ‘रायटर्स ब्लॉक’ ही संज्ञा एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकाने १९४० च्या दशकात रूढ केली. त्याची उपपत्ती लेखकाच्या शैशवापर्यंत, आई आणि अर्भक यांच्या संबंधापर्यंत जाऊन पोहोचते. उलट बाजूने, लेखन सहज वाहू लागण्याच्या अवस्थेला मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९७५ च्या ग्रंथात ‘फ्लो’, म्हणजे प्रवाह, असे म्हटले. त्यांच्या मते कामाचे आव्हान आणि करणाऱ्याचे कौशल्य यांचा मेळ बसला की ती येते. दोन्ही विचार व्यक्तीच्या मनाभोवती फिरतात. मराठीत आधुनिक काळात या जागी ‘स्फूर्ती’ हा शब्द बसला, आणि त्यामागे केशवसुतांचे वजन आहे. त्यांच्या १८९३ च्या ‘झपूर्झा’ने तंद्रीच्या या अवस्थेला एक नावच देऊन टाकले. केशवसुतांच्या बालपणाचा काही काळ दापोलीजवळच्या वळणे गावी गेला होता. म्हणजे हा शब्दही याच मुलखाच्या कडेने आला, असे गमतीने म्हणता येईल. स्फूर्तीच्या या कल्पनेने मराठी कवितेचे भले केले, परंतु समीक्षेला एक वाईट सवय लावली. लेखन झाले तर ती स्फूर्तीची कृपा, थांबले तर ती आटली, असे म्हटले की कारणमीमांसा संपते.

यापेक्षा जुनी काव्यचर्चा अधिक व्यवहारी होती. मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तीन मिळून काव्याचा हेतू मानला; एकट्या शक्तीवर तो विसंबला नाही. राजशेखराने तर ‘काव्यमीमांसे’त कवीच्या दिवसाचे प्रहर वाटून दिले आणि रचनेच्या वेळेवरून कवींचे प्रकार सांगितले. सूर्यही दिसणार नाही अशा बंदिस्त जागी बसून रचणारा तो असूर्यंपश्य. मनाचा कल असेल तेव्हा रचणारा निषण्ण. चाकरीतून सवड सापडेल तेव्हा रचणारा दत्तावसर. आणि प्रसंग पडला की रचणारा प्रायोजनिक. यात कोणाला श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्यापेक्षा लेखन कोणत्या परिस्थितीत घडते, याकडे राजशेखराचे लक्ष आहे. त्याच्या विचारात एक गोष्ट मात्र राहून गेली, कारण त्याच्या काळी ती गृहीतच होती : रचना कोणाला ऐकवायची. सभा होती, राजा होता, रसिक होता. आत्मकथनाच्या वाट्याला असा ठरलेला श्रोता येत नाही. तो प्रत्येक लेखकाला मिळवावा लागतो, आणि अडचण नेमकी तेथेच असते.

नानांच्या संहितेकडे या दृष्टीने पाहावे. तिचा प्रारंभ वेदान्ताच्या परिभाषेत, जीवाच्या देहधारणेच्या विचाराने होतो. बाळपणीच्या खेळातली देवपूजा येते, तारुण्यातील कामवासनेची कबुली येते, पूजेला बसले असता मन ठिकाणावर राहत नाही ही तक्रार येते, पश्चात्ताप येतो. अठराव्या शतकातील एखाद्या कारभाऱ्याने हे लिहावे याचे आधुनिक वाचकाला नवल वाटते. परंतु या भागाचा श्रोता स्पष्ट आहे : तो देव आहे. आत्मनिवेदनाची ही वाट वारकरी परंपरेने रुळवून ठेवली होती. बहिणाबाईंच्या आत्मचरित्रपर अभंगांत एक सबंध संसार त्याच वाटेने बोलता झाला होता. देवापुढे लपवण्याजोगे काही नसते, म्हणून कबुलीला संकोच नाही. लेखणी येथे सहज चालते.

पुढे पानिपत येते. या मोहिमेत नानांबरोबर त्यांची आई आणि पत्नी होत्या. १४ जानेवारी १७६१ च्या पराभवानंतर हा तरुण जीव वाचवून, उपाशीतापाशी, अनोळखी मुलखातून परतला. पत्नी पुढे सुखरूप भेटली. आई त्या धुमाळीत कायमची अंतरली. संहितेतील हे प्रकरण आजही वाचकाला धरून ठेवते. परंतु त्याची जात बदललेली आहे. पहिल्या भागातला ‘मी’ पापी आहे, तर येथला ‘मी’ साक्षीदार आहे. मसलतीत कोणाचे ऐकले गेले, रणात काय दिसले, वाटेत कोणी आसरा दिला ही देवाला सांगण्याची हकीकत नव्हे. ती माणसांना सांगण्याचा वृत्तान्त आहे. निवेदनाचा श्रोता संहितेच्या मध्यावर बदलला, आणि नवा श्रोता कोण हे ठरलेच नाही.

हे ठरणे शक्य नव्हते, असे म्हणावे लागते. १७६१ नंतर नानांचे आयुष्य म्हणजे दौलतीचे राजकारण. त्या राजकारणाचा प्रत्येक तुकडा कोणा ना कोणाला उद्देशून असे, आणि इतर सर्वांपासून राखलेला असे. वाचून फाडून टाकावे अशी सूचना असलेली पत्रे त्या काळी नवलाची नव्हती. पत्राला नाव असलेला श्रोता असतो. म्हणून पत्र लिहून होते, आणि पुरे झाले की संपते. नानांचे सबंध आयुष्य अशा शेकडो श्रोत्यांत वाटले गेले होते. ते एकत्र करून एकाच कोणाला सांगायचे, तर ते ऐकण्याचा अधिकार असलेला माणूस पेशवाईत अस्तित्वात नव्हता. देवाला सांगावे तर त्यात कबुलीपेक्षा कारस्थान अधिक. गुप्तता हेच ज्याचे बळ, त्याला आत्मचरित्र परवडत नाही, हे कारण खरे असले तरी अपुरे आहे. त्या गुप्ततेला सामावून घेणारा सांगण्याचा प्रकारच तेव्हाच्या मराठीत नव्हता. बखर होती, पण तिचा निवेदक दुसऱ्याची हकीकत सांगतो.

सवड नव्हती, हा खुलासाही टिकत नाही. राजशेखराच्या भाषेत नाना दत्तावसर खरे, पण अवसर त्यांना दोनदा तरी सक्तीने मिळाला. १७९६ मध्ये पुण्याबाहेर पडून ते महाडास राहिले. तेथून सावित्री नदी खाली वाहत बाणकोटला मिळते आणि वेळास जवळच येते. (बाणकोट १७५६ पासून इंग्रजांकडे होते, कंपनीशी आयुष्यभर शह-काटशह खेळलेल्या कारभाऱ्याच्या मूळ गावाशेजारीच तिचे निशाण फडकत होते.) महाडच्या या मुक्कामातून एक मोठे राजकारण निघाले, आठवणी निघाल्या नाहीत. १७९७ च्या अखेरीस ते शिंद्यांच्या कैदेत पडले आणि पुढचे काही महिने नगरच्या किल्ल्यात राहिले. आत्मवृत्ताचे पुढचे पान तेथूनही आले नाही. एकान्त आणि सक्तीची विश्रांती मिळाली की लेखन आपोआप वाहते, या समजुतीला नगरच्या कैदेपेक्षा चांगला प्रतिदृष्टान्त सापडणे कठीण. या संहितेला ठोस वाचक मिळाला तो लेखकाच्या मृत्यूनंतर, आणि तोही परका : जॉन ब्रिग्ज याने तिचे इंग्रजी भाषांतर लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे आणले.

तुरुंगातच वाहिलेले लेखन पाहायचे तर १९३३ च्या नाशिककडे वळावे लागते. ‘श्यामची आई’चे लेखन साने गुरुजींनी तेथील कारावासात ९ फेब्रुवारीस आरंभिले आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे संपवले, ही माहिती मराठी वाचकाला जवळजवळ पाठ असते. ती ज्या सुरात सांगितली जाते तो मात्र तपासून घ्यायला हवा. भाबड्या, अश्रुपूर्ण हृदयातून एकदम फुटलेला झरा, असे या चार-पाच दिवसांचे चित्र रूढ झाले आहे. पुस्तकावर प्रेम करणारे ते कौतुकाने रंगवतात; त्याला भावविवश ठरवणारे समीक्षक तेच चित्र पुरावा म्हणून वापरतात. दोन्ही पक्षांचा स्फूर्तीवर सारखाच विश्वास आहे.

प्रत्यक्षात या वेगामागे पुष्कळ वर्षांची तयारी होती. १९२४ पासून साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालयात मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ नावाचे हस्तलिखित चालवीत. रोज लिहायचे, आणि ज्याच्यासाठी लिहिले तो वाचक त्याच दिवशी समोर उभा असायचा. मम्मटाचा ‘अभ्यास’ याहून निराळा काय असतो? पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर १८ रविवारी १८ प्रवचने दिली. ती उतरवून घेण्याचे काम साने गुरुजींनी केले. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ त्या टिपणावर उभा आहे. बोलणाऱ्याच्या वेगाने लिहायचे, एका बैठकीत एक विषय पुरा करायचा, श्रोत्यांचे भान न सोडता मोठा आशय लहान तुकड्यांत मांडायचा, हे सर्व त्या १८ रविवारांत हातात मुरले असणार. त्यानंतर वर्षभरातच नाशिकचे लेखन झाले.

‘श्यामची आई’ची घडण पाहिली की हा संबंध स्पष्ट होतो. पुस्तकात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. आश्रमातील मित्रमंडळी जमते, श्याम सांगतो, गोष्ट संपते, मंडळी उठते. श्रोता संहितेतच बसलेला आहे. लेखकाला सबंध आयुष्य एका दमात पेलायचे नाही. आजच्या रात्रीपुरती एक गोष्ट सांगायची आहे. रात्र हे लेखनाचे माप झाले, आणि प्रत्येक रात्रीला आपला शेवट मिळाला. लेखन वाहण्यासाठी थांबण्याच्या जागा लागतात, ही गोष्ट कीर्तनकाराला आणि आजीला नेहमीच ठाऊक होती. मनोविश्लेषणाच्या चर्चेत तिचा क्वचितच उल्लेख येतो.

आणखी एक योग येथे नोंदवावा. नानांचे कथन आई अंतरली त्या वर्षापाशी थांबते. साने गुरुजींची आई १९१७ मध्ये वारली, आणि त्यांचे कथन त्याच अभावातून सुरू होते. बर्गलरच्या अनुयायांना यातून बरेच काही काढता येईल. पण तो मोह आवरलेला बरा. एकच दुःख एका लेखणीला गप्प करते आणि दुसरीला बोलते करते, तेव्हा दुःख हे कारण म्हणून पुरत नाही. साने गुरुजींना आईविषयी सांगण्यासाठी मुलांचा श्रोतृवर्ग मिळाला होता आणि तो त्यांनी स्वतः घडवला होता. १७६१ च्या फडणिसाला आईविषयी कोणाला सांगता आले असते?

आंबडव्याचे उदाहरण या दोहोंहून गुंतागुंतीचे आहे. डॉ. आंबेडकरांची लेखणी अडली असे कोणी म्हणू धजणार नाही. ‘बहिष्कृत भारता’चे रकाने १९२७ ते १९२९ या काळात बव्हंशी त्यांनी एकट्याने भरून काढले. तेथे अंकाची तारीख होती, वाद होता, प्रतिपक्ष होता. राजशेखराचा प्रायोजनिक लेखक याहून ठळक सापडणार नाही. मराठी गद्याला त्यांनी दिलेली धार याच लेखनातली आहे. तरीही स्वतःच्या आयुष्याविषयी त्यांनी सलग लिहिले नाही. जे थोडके लिहिले ते १९३५-३६ च्या सुमाराचे, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाचे, आणि इंग्रजीत. त्यांच्या हयातीत ते प्रकाशित झाले नाही. १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिकारूपाने काढले आणि १९९३ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात ते समाविष्ट झाले.

हे लेखन इंग्रजीत का, याचे उत्तर संहितेच्या आरंभीच मिळते. अस्पृश्यता म्हणजे प्रत्यक्षात काय, याची कल्पना नसलेल्या परदेशी माणसाला ती करून द्यायची आहे. त्यासाठी सामान्य वर्णन करण्यापेक्षा प्रसंग सांगणे लेखकाला अधिक परिणामकारक वाटते. श्रोता येथेही लेखनापूर्वी ठरला आहे, आणि त्यानेच माप ठरवले आहे : येथे रात्र नाही, प्रसंग आहे. पहिला प्रसंग १९०१ मधला. वडिलांना भेटण्यासाठी निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरतात आणि गाडीवान व पाणी यांच्यापाशी त्यांचा प्रवास अडतो. त्याच प्रसंगाच्या ओघात घराण्याचे मूळ दापोली तालुक्यात असल्याचे सांगितले आहे (आजचे मंडणगड तेव्हा त्यात मोडे), आणि आई हयात नव्हती हेही एका वाक्यात येऊन जाते. त्या वाक्यावर लेखणी रेंगाळत नाही. परदेशी वाचकाला ज्याची गरज आहे तेवढेच आयुष्य संहितेत येते.

मराठी वाचकाला उद्देशून हे का लिहिले गेले नाही, हा प्रश्न समीक्षेने टाळू नये. मसूरचा प्रसंग मराठी समाजातल्या एका वर्गाला सांगण्याची आवश्यकता नव्हती. त्याचे रोजचे जगणे तेच होते. दुसऱ्या वर्गाला तो ठाऊकच होता, कारण पाणी नाकारणारे हात त्याचेच होते. ज्याला माहीत आहे त्याला माहिती म्हणून सांगता येत नाही. त्याच्याशी वाद घालता येतो. तो वाद मराठी नियतकालिकांतून अखंड चालू होता. आत्मकथनाला मात्र विश्वासाने ऐकून घेणारा कोणी लागतो, आणि मराठीत त्या वेळी तो दिसत नव्हता. मिखाइल बाख्तीनच्या विचारात प्रत्येक उच्चार हा कोणाच्या तरी दिशेने असतो, उत्तराच्या अपेक्षेने असतो. ती अपेक्षा जेथे धरता येत नाही तेथे उच्चार होत नाही, एवढे त्याला या उदाहरणावरून जोडता येईल. हा श्रोता मराठीत तयार होण्यास पुढे काही दशके लागली. १९७८ च्या ‘बलुतं’ने आणि त्यानंतरच्या दलित आत्मकथनांनी तो घडवला. त्या पिढीच्या लेखनाचा वेग आणि विपुलता पाहून पुन्हा स्फूर्तीचीच भाषा वापरली गेली, हे मराठी समीक्षेच्या सवयीला धरूनच झाले.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ची रचना या संदर्भात पुन्हा एकदा पाहण्यासारखी आहे. तीत सहा प्रसंग आहेत. मसूर, १९१७ चे बडोदे, १९२९ चे चाळीसगाव, १९३४ चा दौलताबाद येथपर्यंत ‘मी’ लेखकाचा आहे. पाचव्या प्रसंगात काठेवाडातील एका शिक्षकाच्या बाळंतीण पत्नीला डॉक्टर हात लावत नाही. ती हकीकत त्या शिक्षकानेच वृत्तपत्राला लिहिलेल्या पत्रातून येते. सहाव्यात खेडा जिल्ह्यातील एका भंगी समाजातील तरुणाला तलाठ्याच्या कचेरीत काम करू दिले जात नाही. तीही त्याच्याच तोंडून. आत्मकथन म्हणून सुरू झालेल्या संहितेत निवेदकाची जागा दोन अनोळखी माणसांनी घेतली आहे, आणि लेखन तेथे, त्या तरुणाच्या हकिकतीपाशी, संपते.